पंख्याचा आवाज येत होता

आपा, तुमच्या खोलीतला पंखा अखेर पाहिला. चार वर्षं नुसता त्याचा आवाज ऐकत होते. दर फेऱ्याला एकदा 'कट्' करायचा, जरा थांबल्यासारखा व्हायचा, की पुन्हा 'कट्'. मला वाटायचं, छताला टांगलेला मोठा जुना लोखंडी पंखा असेल. निघाला केवढासा, टेबलावरचा, पुढची जाळी सुतळीनं बांधलेली. तुमच्या भावजयीनं, फरीदाभाभींनी, मला वाशीच्या त्या गच्चीवरच्या खोलीत नेलं, खुर्ची दिली आणि उकडतंय म्हणून बटण दाबलं. तो आवाज सुरू झाला आणि माझे हातपाय गार पडले. भाभींना वाटलं, जळकोटाहून वाशीपर्यंतच्या प्रवासानं चक्कर आली. त्या पाणी आणायला खाली गेल्या. मी एकटी त्या पंख्यासमोर बसले होते आणि खरं सांगते, मला रडू आलं नाही. भीती वाटली.

आज तुम्हाला जाऊन नववा दिवस. भीती अजून गेलेली नाही. हेडफोन कानाला लावायची भीती वाटते, काढून ठेवायची त्याहून जास्त वाटते. घरात कुणी दोन मिनिटं गप्प बसलं की मी आतून येऊन बघून जाते. परवा सासूबाई दुपारच्या डुलकीत होत्या, तर मी त्यांच्या नाकाशी हात धरून बघितला. त्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "आजून जित्ती हाय मी, जा कामाला." तुम्ही असता तर हे ऐकून पोट धरून हसला असता.

तुम्हाला जे सगळं ठाऊक आहे तेच मी पहिल्यापासून मांडणार आहे. कंटाळू नका. ते मांडल्याशिवाय मला पुढचं बोलायचा धीर व्हायचा नाही.

आपलं काम पुण्याच्या एका संस्थेचं. घरी बसून करायचं. धाराशिव जिल्ह्यातल्या गरोदर बायकांना फोन लावायचे, तपासणीची आठवण द्यायची, धोक्याचं काही कानावर आलं तर गावच्या आशाताईला आणि दवाखान्याला लगेच कळवायचं. तुम्ही जिल्ह्याच्या त्या टोकाला वाशीत, मी या टोकाला जळकोटात हायवेच्या कडेला, आणि वर्षापूर्वी आलेली रेणुका नळदुर्गच्या पुढं एका वस्तीवर, धनगराच्या घरातली. तिच्या घरात महिन्याच्या पगाराची नोकरी करणारी ती पहिलीच. तिघींनी एकमेकींची तोंडं फारशी पाहिलेली नाहीत. तुम्हाला तर मी समोरासमोर दोनदाच भेटले, दोन्ही वेळा धाराशिवला, प्रशिक्षणात. दुसऱ्या वेळी तुम्ही माझ्या डब्यातली शेंगाचटणी सगळी संपवलीत आणि वर म्हणालात, "तिखट लई कमी हाय गं वैशू, तुझ्या बोलण्यात हाय तेवढं बी न्हाय."

आणि आपली 'लाइन'. ती तुमची युक्ती. कामाचा फोन वेगळा. त्याशिवाय घरातला एक जुना फोन तुम्ही तूरडाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि सकाळी दहाला त्यावर आम्हाला घ्यायचा. तो फोन पाचपर्यंत चालू. बोललंच पाहिजे असं नाही. बायकांशी बोलताना तेवढा दोन्हीकडचा आवाज बंद करायचा, बाकी वेळ शेजारच्या टेबलावर माणूस बसलंय असं समजायचं. "घरात एकटं बसून माणूस येडं हुतंय," असं तुम्ही म्हणायचा. माझ्याकडून हायवेचे ट्रक, रेणुकाकडून मेंढरं आणि तुमच्याकडून तो पंखा. "हापिस न्हाय, बाजारच हाय ह्यो," हेही तुमचंच.

लाइनचा नियम एकच होता. उठताना सांगून उठायचं. "उठले गं." "दूध उतू चाललंय." "नमाजला चालले, लाइन चालू हाय." न सांगता उठलेलं तुम्हाला खपायचं नाही. मला पहिल्या महिन्यात एकदा त्यावरून रागावला होता, तेव्हा मला वाटलं, काय ही शाळा.

आणि कुणी बराच वेळ गप्प झालं की आपण म्हणायचो, रेंज गेली. आपल्याकडं ती जातेच. वीज गेली की रेंज गेली, वारं सुटलं की रेंज गेली. चार वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं की गप्प म्हणजे रेंज, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात उरला होता.

माझा पहिला फोन तुम्हाला आठवतो का? मी त्या बाईला विचारलं, "ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?" ती म्हणाली, "बरी हाय." मी रकान्यात 'बरी' लिहिलं आणि फार मोठं काम केल्यासारखी तुमच्या शाबासकीची वाट बघत बसले. तुम्ही विचारलंत, "तुझ्या सासूच्या पुढ्यात तुला कुणी इचारलं, बरी हाईस का, तर काय सांगशील?"

"बरी आहे म्हणेन."

"मग? बरी हाय का म्हणून कधी इचारायचं न्हाय. सकाळपासनं काय खाल्लं ते इचार. पायात चप्पल कुणाची घालतीस ते इचार. बांगड्या मागंपुढं सरकतात का इचार. बाई खोटं बोलंल गं, बांगडी कशी बोलंल?"

पाय सुजले की स्वतःची चप्पल पायात जात नाही, मग बाई नवऱ्याची चप्पल सरकवून शेतात जाते, हे मला कोणत्या प्रशिक्षणात कळणार होतं? खासगी दवाखान्यात वीस वर्षं बाळंतपणं करून तुम्ही ते शिकला होता. मी जे काही आहे ते त्या चपलेवर आणि बांगडीवर उभी आहे. दोन वर्षांनी मला तुमच्यावर बढती मिळाली, कारण मला संगणकावरचे तक्ते नीट भरता येत होते. तुम्ही फोनवरून मिठाई मागितलीत. मी पाठवली नाही. आज, उद्या करत राहिले.

मग रेणुका आली. आपा, ती पोरगी वाईट नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तिला फोनचीच भीती. आधी वहीत प्रश्न लिहायची, मग दोनदा पुटपुटायची, मग नंबर दाबायची, आणि पलीकडून सासूचा आवाज आला की "हं, हं, बरं" म्हणून ठेवून द्यायची. आमच्या याद्या चारला संपायच्या, तिची पाचला निम्मी राहायची. पुण्याच्या साहेबांचा फोन मला यायचा, तिला नाही. मी तिला वेळेचं वेळापत्रक करून दिलं. आठवड्याचे तक्ते पाठवले. रोज संध्याकाळी 'कुठे अडलं' असं विचारत राहिले, आणि ती रोज म्हणायची, "न्हाय म्याडम, जमतंय." मी तिला रोज 'बरी आहेस का' हेच विचारत होते, हे मला आज कळतंय.

तुम्ही तक्ता केला नाही. तुम्ही सासू झालात. "मी सासू हाय. लाव फोन," असं म्हणून तुम्ही तिला लाइनवर बोलायला लावायचा. आणि काय सासू! "कोण गं तू भवाने? आमची सून कशाला पायजे तुला? घरात कामं पडल्यात ढीगभर आन ही निघाली चौकश्या करायला!" पहिल्या दिवशी रेणुका खरंच रडली. चौथ्या दिवशी तिच्याकडून आवाज आला, "मावशी, कामं होत ऱ्हातेल, तुमच्या सुनंच्या हातची भाकर तुमाला दहा वर्सं खायची हाय का न्हाय?" तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की माझा हेडफोन किरकिरला. मीही तोंडावर हात धरून हसत होते. आवाज बंद ठेवून हसत होते, कारण मी वरिष्ठ होते.

मग तो चुड्याचा प्रकार झाला. सातवा महिना लागलेली एक बाई. रेणुकानं सासूला विचारलं, सुनेच्या बांगड्या सरकतात का? सासू म्हणाली, "परवाच ओटी भरली, नवा चुडा भरलाय कासाराकडनं. घट्टच असणार की." बरोबरच बोलली म्हातारी. हिरवा चुडा भरताना कासार मापाचाच भरतो, हात दाबून दाबून चढवतो, सैल बांगडी भरली तर बायका नावं ठेवतात. रेणुकानं लिहिलं, 'बांगड्या घट्ट, चुडा नवीन.' आणि पुढच्या रकान्यात 'बरी'.

दुसऱ्या दिवशी ती नोंद तुमच्या नजरेला पडली. तुम्ही फोन लावलात, चप्पल विचारलीत. नवऱ्याची घालत होती. डोकं दुखतं का विचारलंत. दोन दिवस दुखत होतं. तासाभरात आशाताई तिच्या घरी होती आणि दुपारी ती बाई दवाखान्यात. ती वाचली, बाळ वाचलं. मी मात्र त्या दिवसापासून भ्याले ते भ्यालेच. ही पोरगी कुणाचा तरी जीव घेणार आणि तक्त्यावर वरिष्ठ म्हणून माझं नाव असणार, एवढंच मला दिसायला लागलं.

तुम्हाला वेगळंच दिसलं. "तिनं 'घट्ट' एवढं तरी लिवलं," असं तुम्ही म्हणालात. "दुसरी असती तर 'बरी' लिवून मोकळी झाली असती. हिनं ऐकलं ते लिवलं, म्हणून मला दिसलं. तिला ऐकू येतंय गं वैशू. ऐकल्याव भरवसा ठेवायचा धीर न्हाय. तो धीर आपुन द्यायचा असतो."

आपला हा वाद दीड महिना चालला. जेवताना, कामाच्या मधे, निरोपांमधून. मी म्हणायचे, आपलं काम जिवाशी आहे, इथं धीर द्यायला वेळ नाही. तुम्ही म्हणायचा, जिवाशी आहे म्हणूनच. मला तुमचं पटत नव्हतं, आणि तुम्ही चिडत नव्हता याचा जास्त राग येत होता.

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी मी रेणुकाचा मूल्यमापनाचा फॉर्म भरला. 'ऐकून समजून घेण्याची क्षमता' या रकान्यात 'कमी' लिहिलं आणि खाली, कामावरून कमी करावं, अशी शिफारस केली. तुम्हाला न सांगता पाठवणार होते, पण तेवढंही धाडस झालं नाही. सव्वादहाला, रेणुका कुणा बाईशी बोलत होती तेव्हा, मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, एक महिना दे. मी म्हणाले, दिला होता. तुम्ही म्हणालात, आणखी एक दे. आणि मग मी ते बोलले. ते मी इथं लिहिते, कारण तुमच्याशिवाय ते कुणीच ऐकलेलं नाही आणि मला ते लपवून ठेवायचं नाही. मी म्हणाले, "आपा, असल्यांना कडेवर घेऊन बसलात म्हणून तर तुम्ही आज माझ्या हाताखाली आहात."

पंखा दोनदा वाजला. मग म्हणालात, "व्हय. त्या असल्यांत तू बी हुतीस, वैशू."

आवाजात राग नव्हता. थकल्यासारखा होता. तेव्हा मला तो थकवा ऐकू यायला हवा होता का? मी स्वतःला हे नऊ दिवस विचारतेय. सकाळपासून काय खाल्लंत, हे मी तुम्हाला विचारलं असतं तर कदाचित तुम्ही सांगितलं असतं की छातीत भरून आलंय, खाववत नाही. मी विचारलं नाही. मी लाइन कापली. उठते म्हणूनसुद्धा सांगितलं नाही.

साडेअकराला माझ्या कामाच्या फोनवर रेणुकाचा फोन आला.

"म्याडम, आपा बोलंना झाल्यात."

"रेंज गेली असेल."

"न्हाय म्याडम, रेंज हाय. पंख्याचा आवाज येतोय."

"मग नमाजला गेल्या असतील."

"नमाजला आजून येळ हाय. आन त्या सांगून जातात की."

माझ्यावर रुसल्या असतील, म्हणून गप्प असतील, असं माझ्या मनात आलं. ते तिला कसं सांगणार? मी वरिष्ठ झाले. "रेणुका, सकाळपासून तुझे फोन किती झाले?"

तिनं वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, "सात."

"आधी ते बघ," असं म्हणून मी फोन ठेवला.

ती मला सांगत होती की बांगड्या घट्ट आहेत, आणि मी तिला सांगत होते, नवा चुडा आहे, घट्टच असणार. तीच चूक, आपा. रेणुकाची ती चूक मी फॉर्मवर लिहून ठेवली होती, आणि त्याच सकाळी स्वतः केली.

फरक एवढाच की या वेळी रेणुकानं ऐकून घेतलं नाही. तुमच्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर तिच्याकडं नव्हता, म्हणून फोनला भिणाऱ्या त्या पोरीनं यादीतून वाशीचे नंबर शोधले. तुमच्या आळीतली एक सून तिच्या यादीत होती, आणि तिच्या सासूला रेणुका सगळ्यात जास्त भ्यायची. लाइनवर तुम्ही जी सासू व्हायचा, ती तिच्यावरूनच उचललेली होती. त्याच बाईला तिनं फोन लावला. त्या मावशी मला तुमच्या घरी भेटल्या. भाभींच्या शेजारी बसल्या होत्या, डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, त्या पोरीनं मला बोलूच दिलं न्हाय. म्हणली, मावशी, बोलू नका, पळा. आपाच्या माडीवर पळा. हाताला पीठ हुतं, तशीच पळाले."

मावशी जिना चढल्या, तुम्ही टेबलावर डोकं ठेवून होता. भाऊ दुकानातून आले, गाडी आली. दवाखान्याच्या वाटेवर तुम्ही डोळे उघडलेत, भावाचा हात धरलात, पाणी मागितलंत. दुपारी तुम्ही गेलात. भाऊ मला म्हणाले, तेवढा हात तरी धरायला मिळाला, त्या मुलीचे उपकार आहेत. त्यांनी तिचं नाव विचारलं. मी सांगितलं. मधे माझंही नाव येतं, हे नाही सांगितलं.

माझ्यामुळं किती मिनिटं गेली, आपा? दहा? पंधरा? त्यानं काही फरक पडला असता का? डॉक्टरांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. कुठलंही उत्तर आलं तरी मला त्याची भीती वाटते.

तुमच्या खोलीत भाभींनी पाणी आणून दिलं, मी प्यायले. तूरडाळीचा डबा तिथंच होता आणि त्याला टेकलेला फोन बंद पडलेला. भाभी म्हणाल्या, "चार्जिंग उतरेपर्यंत चालू था वो. रात तक." दिवसभर लाइन चालू होती. पलीकडच्या टोकाला कोण होतं ते मला माहीत होतं. भाभींना मी म्हणाले, बंद करा पंखा, थंडी वाजतेय. उन्हाळा आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं.

चौथ्या दिवशी रेणुकाचा निरोप आला. जसा आला तसा लिहिते. "म्याडम, मी सोमवारपासून कामाला येत न्हाय. माझ्यामुळं आपा गेल्या. तुमाला फोन लावण्यात मी येळ घालवला. आधीच मावशीला लावायला पायजे व्हता. मला ह्ये काम जमणार न्हाय, तुमी म्हणत व्हता ते बरोबर हाय."

आपा, आता जे सांगते ते ऐकून तुम्ही मला काय म्हणाल? निरोप वाचल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. ती आपणहून जातेय. फॉर्म पाठवायला नको. साडेअकराच्या त्या फोनबद्दल कुणी कधी विचारणार नाही. पुण्याचे साहेबही म्हणाले, "चला, परस्पर सुटलं." मग मला स्वतःचीच इतकी भीती वाटली की मी फोन उताणा होता तो पालथा घातला. माझ्या डोक्यावरचं ओझं ती पोरगी स्वतःच्या डोक्यावर घेऊन मेंढरांमागं परत निघाली होती, आणि मी ते जाताना बघत होते. ती अशी गेली असती तर आयुष्यात पुन्हा कधी तिनं आपल्या कानावर भरवसा ठेवला नसता. एक नाही, दोन नाही, चार दिवस मी तिला उत्तर दिलं नाही.

तुम्ही असता तर काय केलं असतंत, हे मला ठाऊक होतं. तुम्ही सासू झाला असता. मला ते जमत नाही. मला तक्ते जमतात. म्हणून काल मी माझ्या पद्धतीनं केलं. फॉर्म पुन्हा उघडला. 'कमी' खोडून 'उत्तम' लिहिलं आणि खाली शेऱ्यात लिहिलं: त्या दिवशी सहकारी अडचणीत आहे हे रेणुकानं फक्त आवाजावरून ओळखलं, मला कळवलं, मी तिला थांबवलं. तिनं माझं ऐकलं नाही, ते योग्य केलं. चूक माझी आहे. आणि साहेबांना पाठवून दिलं. बोट बटणावर ठेवून किती वेळ बसले होते ते विचारू नका. माझी नोकरी राहील की जाईल, अजून काही कळलेलं नाही. त्याचीही भीती वाटतेच.

पण साहेबांना लिहिणं सोपं होतं. अवघड होतं ते रेणुकाला सांगणं. आज रविवार. उद्यापासून ती येणार नव्हती. सकाळी दहाला मी घरातला जुना फोन काढला, चहापत्तीच्या डब्याला टेकवला, तो दोनदा घसरून पडला, मग मागं पाटा लावला. आणि तिला लाइनवर घेतलं.

तिनं उचललं. "म्याडम?"

'बरी आहेस का' हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. सरळ सांगायला लागले. फॉर्मवर काय लिहिलं होतं ते सांगितलं. सव्वादहाला तुम्हाला मी काय बोलले तेही सांगितलं, शब्दान् शब्द. "तू वेळ घालवला नाहीस रेणुका," मी म्हणाले, "वेळ मी घालवला. तू मला बरोबर सांगितलंस. पंख्याचा आवाज येतोय म्हणालीस. तुला ऐकू आलं होतं. मीच ऐकलं नाही." साहेबांना काय लिहिलं ते वाचून दाखवलं. "तुला जायचं असेल तर जा. पण तुझ्यामुळं आपा गेल्या, हे डोक्यात घेऊन जाऊ नकोस. आपांचा भाऊ म्हणतो, तुझ्यामुळं त्याला त्यांचा हात धरता आला."

माझं बोलणं संपलं. पलीकडून काही नाही.

आपा, त्या शांततेत मला जेवढी भीती वाटली तेवढी तुमच्या खोलीतसुद्धा नव्हती वाटली. तोंडातून निघतच होतं, "रेणुका, रेंज गेली का?" मी दात आवळून धरले. कान दिला. लांबून एक मेंढरू ओरडलं. मग दुसरं. कुणीतरी पत्र्यावर काहीतरी वाळत टाकत होतं. लाइन चालू होती. ती तिथंच होती, गप्प होती, आणि मला थांबायचं होतं. ट्रकमागून ट्रक गेले. मी थांबले.

ती नाक ओढत म्हणाली, "म्याडम, एक इचारू का?"

"विचार."

"सकाळपासनं काय खाल्लं तुमी?"

मला खोटं बोलता आलं नाही. "काही नाही," मी म्हणाले. "कालपासून काही नाही."

"मग उठा. आधी दोन घास खावा," रेणुका म्हणाली. आवाज अजून ओलाच होता, पण तुम्ही सासू व्हायचा तेव्हा उलट उत्तर देतानाचा जोर त्यात होता. "मावशीच्या सुनंला उद्या फोन करायचाय मला, तिला नववा लागलाय. दहाला लावते लाइन. आन आता उठताना सांगून उठा."

उद्या दहाला लाइनवर मेंढरं असतील, ट्रक असतील, पंखा नसेल. मी तयार नाही, आपा. पण त्या पोरीला मी वाट बघायला लावणार नाही. तुम्ही चार वर्षांत एकदाच न सांगता उठलात, आणि ते तिला कळलं.

"उठले गं," मी म्हणाले, आणि भाकरी घ्यायला आत गेले.